आधी विठाबाईंकडं जाऊन या

सोमवार, ७ एप्रिल

विमा एजंटनं जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुणाशी बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहितेय.

मीटिंगमध्ये महालिंगप्पा सर, म्हणजे आमचे हेडमास्तर, सगळ्यांदेखत म्हणाले, "बिराजदार मॅडम, आठवीला जर्मन घेणारी पोरं यंदा पंधरा तरी पाहिजेत. न्हाय झाली तर संस्था विषय बंद करणार. मग तुमी परत पाचवीचं इंग्रजी." पाचवीचं इंग्रजी! पुण्यात राहून, मेसचं पाणचट वरण खाऊन मी जर्मन शिकले ते 'धिस इज अ कॅट' म्हणायला?

आणि त्यावर क्षमा सरवदे काय म्हणावी? ही आमची संस्कृतची मॅडम. "सर, माझ्याकडं पोरं बाकावर मावत नाहीत. काही जर्मनला गेली तर बरंच आहे की." अगदी गोड आवाजात. ताटात उरलेलं वाढल्यासारखं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आमच्या शाळेत आठवीला दोन्हींतलं एक घ्यायचं, संस्कृत किंवा जर्मन. तेरा वर्षांपूर्वी मी जर्मन सुरू केलं तेव्हा उमरग्यात नवलाई होती. व्यापारी, डॉक्टर, ट्रकवाले, सगळ्यांची पोरं माझ्याकडं. संस्कृतला कुत्रं विचारत नव्हतं. मग ही बाई आली. पोरांना गोष्टी काय सांगते, श्लोकांना चाली काय लावते, आणि दहावीला पोरांच्या पदरात शंभरातले अठ्ठ्याण्णव टाकते. आता तिच्या वर्गाबाहेर चपलांचा ढीग आणि माझ्या वर्गात पंख्याचा आवाज.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तुला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नाही का गं?" नाही बघवत. पुढं?

बुधवार, ९ एप्रिल

पोरं धरायला सुरुवात केली. उन्हाळा लागला की मास्तर लोक पटासाठी घरोघर हिंडतात, त्यात लाजायचं काही नाही. मी फक्त माझ्या विषयासाठी हिंडतेय.

आमच्या भागातल्या माणसाला सोयरीक करायची असो की म्हैस घ्यायची, नुसत्या शब्दावर तो हलत नाही. आधी चौकशी. चार जण जाणार, चहा पिणार, घर बघणार, माणसं बघणार, गोठ्यात सुद्धा डोकावणार. मी याच मातीतली. म्हणून मी लोकांना सरळ सांगते, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी विठाबाईंकडं जाऊन या."

विठाबाई म्हणजे माझ्या हर्षालीची आई. नवरा मागंच गेला, पोरगी एकुलती. हर्षाली माझ्या पहिल्या तुकडीची. दहावीला जर्मन, पुढं नर्सिंग, मग माझ्याशीच फोनवर तासन् तास बोलून परीक्षेची तयारी, आणि आता जर्मनीत कासेल नावाच्या गावी वृद्धाश्रमात नोकरी. जाऊन दोन वर्षं झाली. आईला गावकुसाला स्लॅबचं घर बांधून दिलं. फरशी, फ्रीज, वॉशिंग मशीन, सगळं. उमरग्यातून कासेलला गेलेली एक तरी पोरगी संस्कृतवाल्यांनी दाखवावी!

आज तुरोरीच्या बाजूला आबारावांकडं गेले. त्यांची जुळी लेकरं सातवीतून आठवीत येतायत, म्हणजे एका दगडात दोन. आबाराव म्हणाले, "इचार चांगला हाय मॅडम. रविवारी जाऊन येतो बघा त्या बाईकडं. लेकराची आई बी येईल." मी मनातल्या मनात दोन नावं लिहून सुद्धा टाकली.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. दुपारी क्षमा घरी येऊन लाडू देऊन गेली. निळी साडी नेसली होती. ती साडी मी सोलापूरच्या दुकानात हातात घेऊन परत ठेवली होती, मला असला रंग उठून दिसत नाही म्हणून. तिला दिसतो.

जाताना म्हणाली, "संध्याकाळी मिरवणुकीला या मॅडम, नंदूला घेऊन." मी म्हटलं, डोकं दुखतंय. नंदू, माझी राजनंदिनी, तीन लाडू खाऊन वर म्हणते, "मम्मी, तुझे लाडू असे का होत नाहीत गं?" ही सुद्धा यंदा आठवीत जाणार. निदान हिचं नाव तरी माझ्या बाजूला आहे. बोलायला लागली तशी मी तिच्याशी घरात जर्मन बोलते. दूध पाहिजे, झोप आली, सगळं ती आधी जर्मनमधून मागायला शिकली. सासूबाई म्हणायच्या, लेकरू बोबडं बोलायलंय, डॉक्टरला दाखवा.

लाडू चांगले होते. मी खाल्ला एक, स्वयंपाकघरात उभ्यानं.

शुक्रवार, १८ एप्रिल

आबारावांचा फोन. जुळी गेली हातची.

मी विचारलं, "का हो, घर पसंत नाही पडलं?"

"घर झकास हाय की. फरशी असली की तोंड दिसतंय. बाईनं पोरीचं लई चांगलं सांगितलं. फोटो दावले. तिथल्या म्हाताऱ्या मान्साला आंघोळ घालती, खाऊ घालती, लई जीव लावत्यात म्हणली ती माणसं तिला."

"मग?"

"मग काय न्हाय मॅडम. चहा झाला. आमी निघालो तर पोहे केले. पोहे झाले तर म्हणली, जेवूनच जा. उठूच देईना. आमी काय तिचे सोयरे न्हाय, धायरे न्हाय. तरी जेवलो. येताना लेकराची आई गाडीवर मागं बसून एक शब्द बोलली न्हाय. घरी आल्यावर म्हणली, संस्कृत."

आता यात जेवणाचा काय संबंध? बाईनं पाहुणचार केला, तर तो चांगलाच की. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलता बोलता निघालं, "तुमच्या शाळेतल्या दुसऱ्या मॅडम बी होत्या तिथं. त्या संस्कृतच्या. भाकरी त्यांनीच थापल्या."

तरी म्हटलं! माझ्याच हर्षालीच्या घरात बसून माझीच गिऱ्हाइकं फोडतेय. भाकरी थापतेय म्हणे. मला इतका राग आला की दुधाखालचा गॅस बंद करायचा राहिला आणि सगळं दूध उतू गेलं.

गुरुवार, २४ एप्रिल

कल्याणप्पांच्या नातवानं पण संस्कृत घेतलं. कल्याणप्पा म्हणजे कापड दुकानवाले. नातवाला जर्मनीला पाठवायचं म्हणून वर्षभर माझ्या मागं होते. आता म्हणतात, "मार्क चांगले पडत्यात मॅडम संस्कृतला. एवढंच." दुसरी एक आई म्हणाली, जर्मनचं गाईड उमरग्यात मिळत नाही. तिसरी म्हणाली, घरी कुणाला अभ्यास विचारायचा? ही सगळी कारणं त्यांना विठाबाईंकडं जायच्या आधी सुचत नाहीत. जाऊन आल्यावर एकेकाला गाईडची आठवण येते!

उघड आहे. तिथं बसून कुणीतरी कान भरतंय. मी मात्र पाठवायचं थांबवणार नाही. माझं नाणं खणखणीत आहे. उलट आता ज्यांना त्यांना सांगते, जाऊन या, डोळ्यांनी बघा.

स्टाफरूममध्ये क्षमानं डब्यातली शेंगाची चटणी पुढं केली. मी म्हटलं, मला पित्त होतं.

शुक्रवार, २ मे

हर्षालीचा व्हिडिओ कॉल आला. गॅलरीत उभी होती. मागं झाडांना पांढरे तुरे आलेले, खाली ट्राम जाताना दिसली. मी तेरा वर्षं पोरांना ट्रामचा धडा शिकवतेय. खरी ट्राम तिनं दाखवली तेव्हा बघितली, ती पण फोनच्या एवढ्याशा काचेत. माझा पासपोर्ट कपाटात साड्यांखाली आहे, एकही शिक्का नसलेला. लग्न ठरलं त्या वर्षी काढला होता.

ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळंच सगळं." मी हसले. खोटं कशाला लिहू, तिचा हेवा वाटला. शिकवलं मी, आणि बघतेय ती.

मग म्हणाली, "आईकडं जाता का कधी? क्षमा मॅडम जातात म्हणं दर आठवड्याला. आई सारखं त्यांचंच सांगत असती."

म्हणजे हर्षाली पण गेली. विद्यार्थिनी माझी, आणि तिच्या तोंडात नाव क्षमा मॅडमचं. मी म्हटलं, "मला कुठं सवड गं, पट जमवायलेय." कधी येणार विचारलं तर म्हणाली, "दिवाळीला बघू मॅडम. मागच्या वेळेला रजाच मिळाली नाही. आमच्याकडं माणसं कमी आहेत." आमच्याकडं म्हणजे तिकडं.

सोमवार, १९ मे

आज दोन पोरी आपणहून घरी आल्या. "मॅडम, आम्हाला जर्मन घ्यायचंय. क्षमा मॅडमनी सांगितलं, भाषेची आवड असंल तर जर्मन घ्या, बिराजदार मॅडमसारखं शिकवणारं कुणी भेटायचं नाही."

मी सावध झाले. नक्की नापास होणारी पोरं माझ्या गळ्यात मारायलीय. मार्क विचारले. दोघी वर्गात पहिल्या पाचांत. मग हिचा डाव काय आहे कुणास ठाऊक. पण नावं घेतली, सोडते काय.

अशी आणखी तीन आली गेल्या आठवड्यात, तिच्याच सांगण्यावरून. आता चौदा झाली. नंदूला धरून पंधरा! नंदूला काय विचारायचंय? ती तर आजपासूनच नाचतेय. आरशासमोर उभी राहून स्वतःशी जर्मन बोलते, हर्षालीताईसारखी मी पण जाणार म्हणते. उपकार झाला म्हणायला क्षमा मोकळी, पण पंधरावी माझी स्वतःची आहे, हे तिनं लक्षात ठेवावं.

बुधवार, ११ जून

आज जे झालं ते नीट लिहिते.

दुपारी नंदूला घेऊन बाजारात गेले होते, तिला वह्या घ्यायला. येताना गावकुसाच्या रस्त्यानं आले तर विठाबाईंच्या दारात क्षमाची लाल स्कूटी. म्हटलं, आज रंगेहाथ धरते. गाडी लावली आणि नंदूचा हात धरून सरळ आत.

क्षमा खाली बसून तुरीची डाळ निवडत होती. विठाबाई मला बघून इतक्या झटकन उठल्या की मांडीवरचं सूप सांडलं. "या या, मॅडम! तुमी कदी येतच न्हाय. तुमची लोकं मातर येत्यात. लई बरं वाटतंय बघा. उन्हाळाभर घर भरलेलं होतं."

घर बघितलं. खरंच झकास आहे. फरशीवर एक डाग नाही. वॉशिंग मशीनचा प्लॅस्टिकचा कागद अजून काढलेला नाही. एका भिंतीला मांडणी, त्यावर डबेच डबे. नंदूनं एक उघडला. कुरडया. दुसऱ्यात पापड. तिसऱ्यात शेवया.

"एवढं कुणासाठी करता काकू?" मी विचारलं.

"हर्षालीला आवडतंय की. हे यंदाचं. ते वरचं मागच्या सालचं, ते तसंच हाय. ती यायची म्हणून केलं होतं. त्याच्यामागचं बी हाय." असं म्हणून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी क्षमाकडं वळले. आवाज बारीक ठेवला पण ठेवणीतलं सगळं काढलं. "माझी पोरं फोडायला हीच जागा सापडली का तुम्हाला?"

ती डाळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हीच पाठवता ना सगळ्यांना इथं? लोक येतात, घर बघतात, आणि घरात ही एकटी बाई. माणसं बिचकतात हो. म्हणून मी येऊन बसायला लागले. म्हटलं, दोन माणसांचा आवाज असला तर घर भरल्यासारखं वाटंल. पण लोकांना कळतंच. मी तरी किती बोलणार?"

मला काहीतरी झणझणीत बोलायचं होतं. सुचलं ते एवढंच, की साखर कुठल्या डब्यात आहे हे हिला कसं माहीत? कारण आतून विठाबाईंनी विचारलं, "साखर कुठं ठिवली गं क्षमा?" आणि ही बसल्या जागी म्हणाली, "खालच्या फळीवर, पितळी डब्यात." माझ्या हर्षालीचं घर, आणि साखर हिला माहीत.

चहा झाल्यावर विठाबाईंनी नंदूला जवळ घेतलं. "तू बी जाणार का बाळ जर्मनीला?"

"हो! जाणारच!" नंदू ओरडलीच.

"जा. चांगलं हाय तिकडं. रस्ते लई साफ हाईत," विठाबाई म्हणाल्या. नंदूचा हात मात्र त्यांनी सोडला नाही. फोनवर हर्षाली आली की काय काय बोलते ते सांगत राहिल्या, आणि तो हात आपल्या मांडीवर धरून एका हातानं कुरवाळत राहिल्या. मी दोनदा म्हटलं, निघतो आम्ही. त्या म्हणाल्या, जेवूनच जा.

जेवलो. मागच्या सालची कुरडई तळली त्यांनी, नंदूला आवडली.

घरी येताना नंदू गाडीवर मागं बसून सारखी बडबडत होती. मी काही बोलले नाही.

सोमवार, १६ जून

शाळा उघडली. विषय निवडायचा फॉर्म पोरं भरतात, खाली पालकाची सही. नंदू फॉर्म घेऊन नाचत स्टाफरूममध्ये आली. "मम्मी, सही!" विषयाची जागा तिनं कोरी ठेवली होती, माझ्या हातानं लिहावं म्हणून.

मी पेन घेतलं. टेबलाच्या पलीकडं क्षमा वह्या तपासत बसली होती. मी लिहिलं, संस्कृत. सही केली.

नंदूनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं रडंल, भांडंल. ती फॉर्म घेऊन निघून गेली, पाय आपटत सुद्धा नाही.

महालिंगप्पा सरांनी मला बोलावून घेतलं. "अहो मॅडम, चौदाच झाली की! एक कमी. आन् ती एक तुमचीच पोरगी? असं कसं केलाव?"

मी म्हटलं, "संस्कृतला मार्क चांगले पडतात, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बाहेर आले तर क्षमा व्हरांड्यात उभी. तिनं काही विचारलं असतं तर मी तिला खाल्लं असतं. तिनं विचारलं नाही. त्याचाही राग आला.

ती चौदा पोरं संस्कृतच्या वर्गात गेली. बाकं कमी पडली म्हणून माझ्याच वर्गातली उचलून नेली.

रविवार, १३ जुलै

पाचवीचं इंग्रजी चालू आहे. पोरं चांगली आहेत, बापडी. त्यांच्यावर राग नाही.

घरात मात्र उठता बसता क्षमा मॅडम. क्षमा मॅडम म्हणाल्या असं बस, क्षमा मॅडम म्हणाल्या मोठ्यानं म्हण. भांडी घासताना श्लोक, वेणी घालताना श्लोक. पाठ पण पटापट होतात हिला. माझ्याशी जर्मन बोलायचं तिनं त्या दिवसापासून बंद केलंय. मी दूध पुढं करताना जर्मनमधून विचारलं, तर उत्तर मराठीतून. माझी पोरगी मीच माझ्या हातानं उचलून त्या बाईच्या वर्गात बसवली, आणि आता मीच जळतेय. हे ऐकून हसतात. हसू देत.

आता मी दर रविवारी विठाबाईंकडं जाते. क्षमा जायच्या आधी पोचायचं म्हणून आज चहा पण न घेता निघाले. नंदूला बळंच घेतलं. तरी लाल स्कूटी दारात होतीच. विठाबाई म्हणतात, क्षमाच्या हातचा चहाच वेगळा. असंल.

थोड्या वेळानं हर्षालीचा कॉल आला. दोन शब्द आईशी बोलून झाले, तेवढ्यात नंदूनं फोन घेतला आणि खिडकीपाशी जाऊन बसली. आणि जर्मन बोलायला लागली. भराभरा, न अडखळता, जसं माझ्याशी बोलायची तसं. हर्षाली पलीकडून हसत उत्तरं देत होती. नंदू विचारत होती, कितव्या वर्षी येता येतं, नर्सच व्हावं लागतं का, शाळेत जर्मन नसलं तर मी तुझ्याकडून शिकले तर चालंल का. मग आवाज जरा उतरवून म्हणाली, मम्मीला इतक्यात सांगू नको.

उतरवलेला आवाज सुद्धा मला ऐकू येत होता. तिला वाटलं असंल माझं लक्ष कुरडयांच्या डब्यात आहे.

विठाबाईंनी कौतुकानं तिच्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "काय बोलायल्यात ओ दोघी एवढं?"

मी म्हटलं, "काही नाही काकू. अभ्यासाचं."

त्यांनी मान हलवली. "हर्षाली बी तुमच्यासंग फोनवर असंच बोलायची. जुन्या घरात, अशीच खिडकीत बसून. मी इचारलं की म्हणायची, काय न्हाय गं आई, अभ्यासाचं."

मग त्या उठल्या आणि ताटं घ्यायला लागल्या. क्षमा परात ओढून बसली. नंदूचं बोलणं कानावर पडत होतं, आणि ती आपली पीठ मळत होती, त्यातलं एक अक्षर तिला कळत नव्हतं. आज तिचा हेवा वाटला तो एवढ्याचसाठी.